पाण्याखालची शिरगणती

समोरच्या तळ्यात मासे किती असतील, असं काल तुम्ही विचारलंत आणि मी लगेच उत्तर दिलं नाही. प्रश्न दिसतो तितका सोपा नाही, मुलांनो. आज उत्तर देतो, पण ते गोष्टीतून येईल. ही गोष्ट आपल्या कोलकात्यातून निघते, कावेरीवर जाते आणि वाटेत लोणावळ्याला, पुण्याच्या मुळा-मुठेलाही भेटते.

आधी अडचण नीट समजून घ्या. वाघ मोजायचा तर जंगलात कॅमेरे लावतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, म्हणून तोच वाघ पुन्हा आला तरी ओळखता येतो. तळ्यावरची बदकं दुर्बिणीतून मोजता येतात. मासा मात्र पाण्याखाली असतो. हुगळीच्या गढूळ पाण्यात हात कोपरापर्यंत बुडवला की आपलीच बोटं दिसत नाहीत, तिथे मासे कुठून दिसणार? जाळी टाकून मोजावं तर खर्च फार, आणि जाळ्यात अडकलेले पुष्कळ मासे मरतात. तळं उपसलं तर आकडा मिळेल, पण ज्याच्यासाठी मोजायचं ते तळंच उरणार नाही.

मग शास्त्रज्ञांना एक साधी गोष्ट सुचली. जी माणसं हौसेनं तासन् तास पाण्याकाठी बसतात, त्यांनाच विचारायचं : किती वेळ बसलात, काय मिळालं?

अशी माणसं कोलकात्यात भरपूर आहेत. बंगाली माणूस मासा खातो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तो मासा गळाला लागावा म्हणून किती अभ्यास करतो, हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. आपल्या कोकणात ‘गरवायला जातो’ म्हणतात, तसं इथे ‘छिप फेलणं’. छिप म्हणजे गळाची काठी. गळाला लावायचं आमिष म्हणजे टोप. पाण्यावर तरंगणारा, मासा ओढू लागला की बुडणारा तो फातना. जुने लोक तो मोराच्या पिसाच्या दांडीचा करत. आणि मासे एका जागी जमावेत म्हणून आधीच पाण्यात टाकायचा सुवासिक खुराक म्हणजे चार. त्यात मोहरीची पेंड, भाजलेली मेथी आणि प्रत्येकाचं काही ना काही गुपित असतं. टोप म्हणून कुणी पाव लावतो, कुणी कणकेची गोळी, कुणी मुंग्यांची अंडी. पुष्कळ पुकुरांवर आणि दिघींवर, म्हणजे लहानमोठ्या तळ्यांवर, तिकीट काढून बसावं लागतं.

ही माणसं गप्प का बसतात, माहीत आहे? रोहू, कटला, मृगळ या माशांच्या पोटात हवेची पिशवी असते आणि त्या पिशवीपासून कानापर्यंत इवल्याशा हाडांची साखळी असते. पाण्यातल्या आवाजानं पिशवी थरथरली की ती थरथर हाडांवरून थेट कानात पोचते. म्हणून काठावर पाय आपटला तर पाण्यातल्या रोहूला ते कळतं. शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, तिच्यातून पाण्याची बारीकशी हालचालही त्याला जाणवते. पाण्याखाली आपल्याला काही दिसत नाही, पण पाण्याखालच्याला आपण केव्हाच कळलेलो असतो.

आता हिशेबाकडे येऊ. समजा, एका तळ्यावर एका माणसाला दहा मासे मिळाले आणि दुसऱ्या तळ्यावर दुसऱ्याला पाच. मासे कुठे जास्त? तुम्ही म्हणाल, पहिल्या तळ्यात. पण पहिला माणूस वीस तास बसला होता आणि दुसरा पाचच तास, असं मी सांगितलं तर? पहिल्याला दोन तासांना एक मासा मिळाला, दुसऱ्याला तासाला एक. उत्तर उलटलं. म्हणून नुसती पकड मोजून काही कळत नाही. पकडीला वेळेनं भागावं लागतं. तासाला किती मासे, हा आकडा वर्षानुवर्षं एकाच जागी, एकाच पद्धतीनं लिहीत गेलं की पाण्याखाली मासे वाढताहेत की घटताहेत, याचा अंदाज बांधता येतो.

यात सगळ्यात मोलाची नोंद कुठली, सांगा बरं? ज्या दिवशी काहीच मिळालं नाही, त्या दिवसाची. माणसाचा स्वभाव असा, की मोठा मासा मिळाला की गावभर सांगतो आणि रिकाम्या हातानं परतला की वही उघडतच नाही. मग वहीत फक्त चांगले दिवस उरतात आणि तळं आहे त्यापेक्षा भरलेलं दिसतं. पाच तास बसलो, मिळालं शून्य, असं जो लिहितो तो विज्ञानाला फार मोठी मदत करतो.

आणखी एक मेख आहे. शितावरून भाताची परीक्षा करतात, हे आजीनं तुम्हाला दाखवलंय. पण तिनं पातेल्याच्या वरचंच शीत उचललं तर खालचा भात करपलाय की शिजलाय हे कळणार नाही. तळ्याचंही तसंच आहे. कटला वरच्या थरात चरतो, त्याचं तोंडही वर वळलेलं असतं. रोहू मधल्या थरात फिरतो. मृगळ तळाशी चिखल हुंगत असतो. ज्याचा गळ तळाला टेकलेला आहे, त्याच्या वहीत कटला कमी येणारच. म्हणून गळ किती खोल होता आणि टोप कुठला होता, तेही लिहायचं.

माशांची आणि मासे धरणाऱ्यांची विचारपूस करायची ही रीत कोलकात्याच्या परिसरात जुनी आहे. फ्रान्सिस बुकानन हॅमिल्टन नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर कंपनी सरकारच्या नोकरीत बंगालमध्ये हिंडला. काही काळ तो हुगळीच्या पलीकडच्या काठावरच्या शिबपूरच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुखही होता. गंगेच्या आणि तिच्या शाखांच्या माशांवर त्यानं लिहिलेला ग्रंथ १८२२ साली निघाला. त्यानं माशांना दिलेली शास्त्रीय नावं पाहा : रोहिता, कटला, मृगाला, पुटिटोरा. ही इथल्या लोकांच्या तोंडची नावं आहेत. आज जगातला कुठलाही शास्त्रज्ञ रोहूबद्दल लिहितो, तेव्हा तो आपल्याकडचाच शब्द लिहितो.

पुढे १९१६ साली कोलकात्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था सुरू झाली. तिचे एक संचालक सुंदरलाल होरा हे माशांचे मोठे जाणकार होते. गळाला लागून झुंज देणाऱ्या भारतीय माशांवर त्यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली. आणि १९५१ साली कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी एका फार जुन्या ग्रंथाकडे लोकांचं लक्ष वेधलं. तो ग्रंथ म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा बाराव्या शतकातला ‘मानसोल्लास’. मराठीच्या अगदी जुन्या खुणा ज्या ग्रंथांत सापडतात, त्यांतला हा एक. त्यात ‘मत्स्यविनोद’ असं एक प्रकरण आहे : कुठले मासे नदीत राहतात, कुठले समुद्रात, कुणाला खवले असतात, कुणाला काय चारावं आणि गळानं कसं धरावं. नऊशे वर्षांपूर्वीचा राजा हौसेनं मासे धरताना त्यांच्या जाती वेगवेगळ्या ओळखत होता, हे लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टीचं सगळं मर्म त्यातच आहे.

आता चला कावेरीवर. कर्नाटकात कावेरी जंगलातून, खडकांमधून धावते. तिथे महासीर राहतो. नद्यांमधला हा दांडगा मासा. थोराड झाला की त्याचा एकेक खवला तळहात व्यापेल एवढा. त्याच्या जबड्यात दात नसतात, ते असतात घशात, आणि त्या घशातल्या दातांनी तो खेकडे, गोगलगाई चिरडून खातो. कावेरीच्या खोऱ्यात या महासीराची एक खास जात आहे : पाठीवर कुबड, पर नारिंगी. कावेरीला मिळणाऱ्या कबिनी नदीत १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या गळाला असा एक मासा लागला. वजन १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो. तुम्हा दोघांचं मिळून होईल एवढं!

या कावेरीच्या काठी गालीबोरे नावाची जागा आहे. तिथे हौशी गळवाल्यांसाठी एक तळ होता. देशोदेशीचे लोक येत, गळाला नाचणीच्या पिठाचे उकडलेले गोळे लावत, मासा धरत, वजन करत आणि पुन्हा पाण्यात सोडून देत. मारायचा नाही, हा नियम. आणि तळावर एक चांगली सवय होती : सगळं लिहून ठेवायची. किती तास गळ टाकला, किती मासे मिळाले, प्रत्येकाचं वजन किती, कुठल्या प्रकारचा. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन या शास्त्रज्ञांनी तपासल्या. २३,६२० तासांची मेहनत आणि ६,१६१ महासीर. म्हणजे सरासरी चार तासांना एक मासा. एवढे मासे मोजायला सरकारनं पथक पाठवलं असतं तर किती वर्षं आणि किती पैसे लागले असते! इथे मात्र वह्या तयार होत्या.

वह्या काय सांगत होत्या? दर तासाला मिळणारे मासे वाढत गेले होते आणि माशांचं सरासरी वजन घटलं होतं. वजन घटलं म्हणजे वाईट झालं, असं वाटेल. पण विचार करा : शाळेत पहिलीच्या वर्गात भरपूर मुलं आली, तर साऱ्या शाळेचं सरासरी वजन कमीच होणार. नदीत पिल्लं खूप निपजली होती. मासे वाढत होते. आनंदाची बातमी!

इथेच गोष्ट संपली असती, जर वहीत ‘कुठल्या प्रकारचा’ हा रकाना नसता. तो रकाना होता, म्हणून शास्त्रज्ञांनी माशांच्या दोन राशी केल्या. एक निळसर परांचे, दुसरे कुबडवाले नारिंगी परांचे. आणि चित्र पालटलं. वाढत होते ते सगळे निळ्या परांचे. कुबडवाला वर्षागणिक दुर्मीळ होत चालला होता. जो मिळे तो मोठा, वयस्क. त्याची पिल्लं दिसेनाशी झाली होती. घरात फक्त म्हातारी माणसं उरली आणि पाळणा हलेना, तर त्या घराचं पुढे काय होणार?

मग हे निळ्या परांचे मासे आले कुठून? इथे आपला महाराष्ट्र येतो. ही जात मूळची आपल्याकडची. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली तिचं वर्णन केलं, ते पुण्याच्या मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. नद्यांवर धरणं झाली, महासीर कमी होऊ लागला, तेव्हा लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या मत्स्यबीज केंद्रात सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी १९७० च्या दशकात या माशाची अंडी माणसाच्या हातानं फलवून पिल्लं वाढवण्याचं तंत्र बसवलं. मोठं काम होतं ते. तिथली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, देशात ठिकठिकाणी गेली. कावेरीतही सोडली गेली. हेतू भला होता. नदीत महासीर वाढावा, हीच सगळ्यांची इच्छा होती. महासीर वाढलाही, पण तो त्या नदीचा नव्हता. मुळा-मुठेत जो घरचा, तो कावेरीत पाहुणा, आणि पाहुणा वाढत असताना घरचा मावळत होता.

त्या कुबडवाल्याचं आणखी एक नवल ऐका. शिकारी त्याला शंभराहून अधिक वर्षं ओळखत होते, त्याच्या तसबिरी क्लबांच्या भिंतींवर होत्या, पण विज्ञानात त्याची नीट ओळखच पटलेली नव्हती. २०१८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की केरळातल्या पांबार नदीतून आधी वर्णन झालेला ‘टोर रेमादेवी’ तो हाच. ते नाव भारतीय प्राणी सर्वेक्षणातल्या के. रेमा देवी यांच्या सन्मानार्थ दिलेलं आहे. म्हणजे धागा पुन्हा आपल्या कोलकात्याच्या संस्थेशी येऊन जुळला. त्याच वर्षी जगाच्या लाल यादीत या माशाची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. हा धोक्याचा इशारा दिला कुणी? नाचणीचे गोळे लावून बसलेल्या हौशी माणसांच्या वह्यांनी.

आता कावेरीचा हा धडा घेऊन कोलकात्याच्या तळ्यावर परत या. इथे गळाला रोहू लागला तर तळं निरोगी आहे, असं म्हणता येईल का? थांबा. रोहू, कटला, मृगळ हे नदीचे मासे. पावसाळ्यात पूर आला की वाहत्या पाण्यात ते अंडी घालतात. बंद तळ्यात ते आपणहून वीत नाहीत. तळ्यातला प्रत्येक रोहू कुणीतरी बीज विकत आणून सोडलेला असतो. तेव्हा रोहूच्या आकड्यावरून मालकानं किती बीज सोडलं आणि त्यातलं किती जगलं, एवढंच कळतं. तळ्याची स्वतःची हकीकत सांगतात ते लहान मासे, ज्यांना कुणी आणून सोडत नाही : चांदीसारखी चकाकणारी पुंटी, मिशाळ टेंगरा, हवेत श्वास घेऊ शकणारा कोई, आणि शोल, म्हणजे आपला मरळ. हे तिथेच जन्मतात, तिथेच वाढतात. पुंटी गळाला लागली की बरेच जण नाराज होऊन ती फेकून देतात. माझं सांगणं आहे, पुंटी आधी लिहा.

वहीत अनोळखी पाहुणेही नोंदवायचे. मूळचा आफ्रिकेचा तिलापिया १९५२ साली भारतात आला आणि आता घरचाच झालाय. बाजारात ‘रूपचंद’ म्हणून मिळतो तो दक्षिण अमेरिकेतला पाकू; त्याचे दात पाहिलेत तर दचकाल, थेट माणसाच्या दाढांसारखे, कठीण फळं आणि बिया फोडण्यासाठी घडलेले. शहराच्या पूर्वेच्या पाणथळ भेड्यांमध्ये, जिथे सांडपाण्यावर मासे वाढवतात, तिथे काचेच्या टाकीतून सुटलेला चिलखती अंगाचा, चोषक तोंडाचा आणखी एक दक्षिण अमेरिकी मासा माजलाय आणि मच्छीमारांची जाळी फाडतोय. असा मासा नव्या तळ्यात पहिल्यांदा कधी दिसला, ही तारीख फार मोलाची असते. ती पाण्याकाठी बसणाऱ्यालाच आधी कळते.

आता खवल्याचं नवल. माशाचा खवला भिंगाखाली धरला तर त्यावर वर्तुळं दिसतात. चांगल्या दिवसांत मासा भराभर वाढतो, वर्तुळं लांब लांब पडतात. वाढ मंदावली की ती दाटीनं येतात. त्या दाटीवरून वय मोजता येतं. थंड देशांत हे सोपं, कारण तिथला हिवाळा ठळक खूण ठेवतो. आपल्या उष्ण प्रदेशात हे जमेल का, अशी शंका होती. १९४७ साली स्थापन झालेल्या आणि आता बराकपूरला मुख्यालय असलेल्या केंद्रीय अंतर्देशीय मात्स्यिकी संशोधन संस्थेतले व्ही. जी. झिंगरन यांनी मृगळ माशाचं वय खवल्यांवरून कसं काढता येतं, ते १९५७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडलं. एक खवला काढल्यानं मासा मरत नाही. तिथे नवा येतो.

फिनलंड आणि नॉर्वेच्या सीमेवरच्या तेनो नदीत तर मासे धरणारे लोक सॅमनचे खवले कागदी पाकिटांत घालून शास्त्रज्ञांकडे देत आले आहेत. चाळीस वर्षांच्या त्या पाकिटांतल्या खवल्यांमधून २०१८ साली जनुकं वाचली गेली, आणि उशिरा वयात येऊन मोठा होण्याचा सॅमनचा गुण पिढ्यांमागून पिढ्या कमी होत चाललाय, हे उघड झालं. ज्यानं पहिलं पाकीट भरलं त्याला जनुकं वाचण्याचं हे तंत्र माहीतही नव्हतं. त्यानं फक्त नीट जपून ठेवलं होतं.

तुमच्यातला कुणी शंका काढील, की आजोबा, गळवाल्यांच्या वहीवर इतका भरवसा ठेवायचा का? शंका रास्त आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं की मासे डोहात गोळा होतात. गळवाल्याला डोह ठाऊक असतो, तो तिथेच बसतो आणि त्याला पूर्वीइतकेच मासे मिळतात. नदी रिकामी होत असली तरी त्याची वही भरलेलीच दिसते. शिवाय गळवाले वर्षागणिक तरबेज होतात, त्यांची साधनं सुधारतात. म्हणून शास्त्रज्ञ एका वहीवर विसंबत नाहीत. अनेकांच्या वह्या जुळवतात, मधूनमधून स्वतः जाळं टाकून पडताळतात. वही खोटी नसते, पण अपुरी असते, आणि अनेक अपुऱ्या वह्या एकत्र आल्या की खरं चित्र पुष्कळसं उमटतं.

सगळ्याच पाण्यात गळ टाकायचा नसतो, हेही सांगून ठेवतो. अभयारण्यांत त्याला मनाई असते. कावेरीतल्या त्या नोंदीही २०१२ नंतर थांबल्या. आपल्याकडे महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात देवाचे म्हणून मासे राखलेत, तिथे गळ कुणी टाकत नाही. काठावरून पाहूनही पुष्कळ लिहिता येतं. आणि जिथे परवानगी असेल तिथेही मासा सोडायचा असेल तर हात ओले करून धरायचा, कारण कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि रोग शिरतो. कल्ल्यांना बोट लावायचं नाही. गळ उलट्या काट्याचा नसेल तर जखम लहान होते. फोटो काढायचा तो पाण्यालगत, झटपट.

तर समोरच्या तळ्यात मासे किती, याचा नेमका आकडा मी आज सांगू शकत नाही, आणि कुणीच सांगू शकणार नाही. पण ते वाढताहेत की घटताहेत, हे पाच वर्षांनी तुम्ही मला सांगू शकाल. शंभर पानी वही घ्या आणि रकाने आखा : तारीख, जागा, किती वाजता बसलो, किती वाजता उठलो, गळ किती खोल, टोप कुठला, मासा कुठला, लांबी किती, सोडला की ठेवला. काठावरच्या काकांना आणि दादांना रोज विचारा. ते आनंदानं सांगतील, कारण आजवर त्यांना हे कुणी विचारलेलं नाही. ज्या दिवशी एकही मासा मिळाला नसेल, त्या दिवशी मासा या रकान्यात ठळक शून्य काढा. पुंटीला रोहूइतकीच जागा द्या. आणि ओळखता न आलेल्या माशाचं चित्र काढून ठेवा; अंदाजानं नाव ठोकून द्यायचं नाही.